धुराकडची खुर्ची

गंगापूर रोडवरच्या त्या छोट्याशा जपानी जेवणघरात काउंटरला लागून आठच खुर्च्या होत्या. त्यातली शेवटची, शेगडीच्या धुराकडची, कोणालाच नको असायची. डिसेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी एक उंच, सावळा तरुण आत आला आणि बाकीच्या रिकाम्या खुर्च्या सोडून नेमका तिथंच जाऊन बसला.

"इकडे धूर येतो," सविता शेगडीआडून म्हणाली. "पलीकडे बसा ना."

"बाहेर केवढी थंडी आहे... इथं ऊब तरी आहे," तो म्हणाला आणि दोन्ही तळहात शेगडीसमोर धरून बसला, शेतातल्या शेकोटीपुढे बसावं तसा.

सविताला हसू आलं. इथं येणारी माणसं कपड्यांना वास लागेल म्हणून अंग चोरून बसायची. याचं तसं काहीच नव्हतं.

सविता गावित इथली शेफ. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची ही मुलगी नाशकात हॉटेल मॅनेजमेंट शिकली, मग पुण्यात एका जपानी शेफच्या हाताखाली याकितोरी करायला शिकली. याकितोरी म्हणजे बांबूच्या काडीत ओवून निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी. लताबाई नावाच्या एक द्राक्षबागायतदार बाई जपान फिरून आल्या त्या याकितोरीच्या प्रेमात पडूनच. त्यांनी हे जेवणघर काढलं आणि सविताला शोधून इथं आणलं. इथं मेनूकार्ड नव्हतं. शेफ आपल्या मनानं एकेक काडी भाजून पुढे ठेवणार, पाहुण्यानं ती खायची, आणि पोट भरलं की तसं सांगायचं.

हे त्या तरुणाला कोणी सांगितलंच नव्हतं. ओझरच्या विमान कारखान्यात त्याच्याबरोबर काम करणाऱ्या मित्रानं जागा राखून ठेवली होती. मित्राला ऐनवेळी कामावर थांबावं लागलं, म्हणून यानं त्याच्या जागी यायचं ठरवलं. त्यामुळे तो बिचारा समोर येईल ते खात राहिला. मांडीचा तुकडा आणि कांद्याची पात, कुरकुरीत पंख, खिम्याचा गोळा आणि त्याबरोबर कच्च्या अंड्याचा बलक, भेंडी, मग विंचूरच्या बाजारातून आणलेले बारके कांदे... आजूबाजूची माणसं हात पुसून उठली, तरी याच्यापुढे काड्या येतच होत्या. शेवटी तो पुढे वाकला आणि हळूच म्हणाला,

"मॅडम, हे... थांबतं कधी?"

"तुम्ही पुरे म्हणालात की."

"आधी सांगायचं ना. मला वाटलं, वाढणाऱ्याला नाही म्हणणं बरं दिसणार नाही."

सविता पाठ फिरवून खोकली. धुराचा असा फायदा तिला पहिल्यांदाच झाला.

शेवटी तिनं सोया सॉस लावून भाजलेला भाताचा गोळा त्याच्यापुढे ठेवला. पहिल्याच घासाला तो थबकला. हा भात आमच्याकडचा, पेठचा आहे, असं त्यानं ठामपणे सांगितलं. तितक्याच ठामपणे सविता म्हणाली, की तो सुरगाण्याचा आहे आणि तिच्या वडिलांनी स्वतः पिकवलाय. मग कोणाच्या भाताला जास्त वास, यावर दोघांची चांगली जुंपली. आणि भांडता भांडता आपण दोघंही आपल्या डोंगरातल्या बोलीत बोलायला लागलोय, हे सविताच्या जरा उशिरानंच लक्षात आलं. नाशकात तिला ती बोली बोलायला कोणी मिळतच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात फोन आला. पी. एन. भोये, गुरुवार, धुराकडची खुर्ची.

असे मग बरेच गुरुवार आले. तो फार बोलायचा नाही, पण ती हातपंख्यानं निखारे फुलवायला लागली की त्याची नजर त्या पंख्यामागे जायची, आणि तिथून तिच्या चेहऱ्यावर. तिनं वर पाहिलं की तो घाईघाईनं पाण्याचा ग्लास उचलायचा. पी म्हणजे काय, हे तिनं किती तरी वेळा विचारलं. तो विषय बदलायचा. एकदा मात्र त्यानं सांगून टाकलं. आजोबांचं नाव ठेवलंय. कारखान्यात लोक हसतात, म्हणून तो नुसतं पी. एन. सांगतो.

"पुंजा," सवितानं म्हणून पाहिलं, मिठाचा अंदाज घ्यावा तसं, सावकाश. "चांगलं आहे की."

त्यानंतर तिनं त्याला दुसऱ्या कोणत्याच नावानं हाक मारली नाही. त्या संध्याकाळी तिनं पुढे ठेवलेली काडी त्यानं निरखून पाहिली.

"हे काय?"

"काळीज."

"सगळ्यांना देता?"

"रोज असतं. सगळ्यांना मिळतं."

"अस्सं..." त्याचा चेहरा एवढासा झाला.

सवितानं निखारे सारखे केले. मग पंखा हलवत म्हणाली, "पण इतकं जपून सगळ्यांचं नाही भाजत मी."

संक्रांत झाली आणि त्या आठवड्यात त्यानं दोन खुर्च्या मागितल्या. सवितानं त्या लिहून घेतल्या, फोन ठेवला आणि उगाचच धुतलेला ओटा पुन्हा धुतला. कोणीतरी असणारच होतं. त्यानं कधी नसल्याचं म्हटलं नव्हतं, आणि तिनं कधी विचारलं नव्हतं. मग एवढं लागायचं काय कारण? गुरुवारी दुपारी मांस कापताना तिचे तुकडे लहान-मोठे होत होते.

संध्याकाळी दार उघडलं. पुंजाच्या दंडाला धरून, डोक्याला मफलर गुंडाळलेली एक ठेंगणी बाई आत आली. त्याची आई, मंगलाबाई. मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन त्या उंच खुर्चीवर चढल्या, पाय अधांतरी लोंबकळत ठेवून बसल्या आणि मोठ्या चवीनं जेवायला लागल्या. सविताच्या छातीवरचं ओझं उतरलं, पण ते घटकाभरच. कारण तिसरी काडी संपवता संपवता मंगलाबाईंनी आपणहून सांगायला सुरुवात केली. आज दिंडोरीला मुलगी बघून आलो. शाळेत शिक्षिका आहे. घरचे चांगले आहेत.

"पोरगी सोन्यासारखी हाय," त्या म्हणाल्या. "पण ह्यो हो म्हणत नाय, नाय म्हणत नाय. गाडीवर मागं बसवलं न् इथं आणलं. तू रोज एवढी माणसं बघतेस, तूच सांग पोरी, हो म्हणावं का त्यानं?"

सविताच्या हातातली काडी तशीच राहिली. पुंजा मान खाली घालून बसला होता. काय सांगणार? खोटं तिला जमलं नसतं, आणि खरं बोलायचा तिला हक्क नव्हता.

"मुलगी चांगली असेल... तर म्हणावं हो," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

करपल्याचा वास आला. शेगडीवरच्या कोंबडीच्या कातडीच्या काड्या काळ्या पडल्या होत्या. या काउंटरवर असं आजवर झालं नव्हतं, हे पुंजाला माहीत होतं. त्यानं त्या काड्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू उमटलं.

"आई," तो म्हणाला, "मी तुला इथं जेवायला नाही आणलं. दिंडोरीला मी उद्या स्वतः जाऊन नाही म्हणून सांगणार आहे. तिच्यात काही खोट नाही. पण मला ही आवडते. दर गुरुवारी मी हिच्यासाठी येतो. नाही तर इतकं खायची मला सवय आहे का?"

पलीकडे बसलेलं जोडपं खाणं थांबवून ऐकत होतं. सविताचे कान तापले.

"मला आधी विचारायचं तरी," ती कशीबशी म्हणाली.

"कितीदा आलो विचारायला... तुम्ही पुढे काडी ठेवली की तोंड भरलेलं असायचं." मग त्याचा स्वर खाली आला. "आता विचारतो, सविता. माझ्याशी लग्न कराल?"

तिनं शेगडीच्या कडेवर हात टेकले. जे सांगायचं ते आत्ताच सांगायला हवं होतं.

"माझ्या सगळ्या संध्याकाळी इथं जातात. सणावारालासुद्धा. हे काम मी सोडणार नाही, पुंजा. आत्ताच सांगते."

"सोडलंत तर मी जेवू कुठं?" तो म्हणाला.

मंगलाबाई एकदा मुलाकडे, एकदा तिच्याकडे पाहत होत्या. त्यांनी मफलर सैल केला. मग गाव विचारलं, आडनाव विचारलं. बहिरू गावित तुझा कोण, असंही विचारलं. सख्खा चुलता, असं कळल्यावर त्यांच्या डोळ्यांत चमक आली. बहिरूच्या लग्नात त्या पहाटेपर्यंत नाचल्या होत्या. पाय सुजले होते, असं त्यांनी त्या पलीकडच्या जोडप्यालाही सांगितलं.

"दिंडोरीची पोर मास्तरीण होती," त्या सुस्कारा टाकून म्हणाल्या. "पण तिच्याकडं बघताना ह्यो असा हसला नव्हता." मग सविताकडे वळल्या. "तुझा बाप घरी कधी असतो गं?"

सवितानं करपलेल्या काड्या बाजूला काढल्या आणि नव्या शेगडीवर मांडल्या. तिनं वर पाहिलं. या वेळी पुंजानं पाण्याचा ग्लास उचलला नाही.

"बाबा रोजच असतात," ती म्हणाली. "मला मात्र सोमवारी सुट्टी असते."

पुंजानं बोटं पुसली, तिथल्या तिथं मोबाइल काढला आणि सोमवारची रजा टाकली.