विचारलं तर सांगेन

माणसाने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, असं सगळी थोर माणसं सांगून गेली आहेत. त्या थोर माणसांचे कपडे घरी कोण धूत होतं, हे मात्र कुणी सांगून गेलेलं नाही.

छकुली सव्वीस वर्षांची होती आणि घरात तिला अजून छकुलीच म्हणत. जन्मताना तिला एक गुणसूत्र जास्तीचं मिळालं होतं. त्याचा वचपा काढावा तसं घरच्यांनी बाकी सगळ्या वस्तू तिच्या हातातून काढून घेतल्या होत्या. सुरी, काडेपेटी, किल्ली, गरम कप. आई फार प्रेमळ होती. इतकी, की छकुलीने बुटाच्या नाडीकडे नुसतं बघितलं तरी ती बांधून झालेली असायची.

तरीही छकुली बेकरीत पावाची पाकिटं भरायची नोकरी करत होती, आणि आता हट्ट करून महिनाभरासाठी ‘सरावाच्या घरात’ राहायला आली होती. तिच्यासारखी मुलंमुली तिथे आपापलं राहायला शिकत. जमलं तर त्याच इमारतीत स्वतःची खोली. नाहीतर परत आईकडे.

पहिल्याच संध्याकाळी रस्त्याकडचं दार उघडेना. किल्ली आत जाई, पण फिरेना. पाऊस भुरभुरत होता. छकुलीच्या मागे एक उंच तरुण दुधाची पिशवी घेऊन येऊन उभा राहिला.

“मदत हवी?”

“नको.”

“बरं.”

आणि तो खरंच गप्प उभा राहिला! छकुली जन्मभर ‘नको’ म्हणत आली होती. ते कुणी ऐकल्याची ही पहिलीच वेळ. तिने वळून पाहिलं. त्याच्या भुवयांवरून पाणी ठिबकत होतं.

“भिजतोयस की.”

“हो.”

“घाई नाही तुला?”

“आहे. दूध तापवायचंय.”

“मग?”

“तू नको म्हणालीस.”

किल्ली उलट्या बाजूला फिरवायची होती. दार उघडलं… आणि छकुलीने ते त्याच्यासाठी धरून ठेवलं.

तो दवाखान्याच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायचा, म्हणून सगळे त्याला इस्त्रीच म्हणत. वरच्या मजल्यावर तो एकटा राही. ‘विचारल्याशिवाय मदत करायची नाही’ हा त्या घराचा नियम होता. तिथे देखरेखीला असलेल्या ताईला तो इतका जड जाई, की ती स्वतःच्या हातांवर बसून राहायची. इस्त्रीला मुळीच जड जात नसे. नियम म्हणजे नियम.

प्रेमकथेत नजरानजर व्हावी लागते. इथे एक अडचण होती. कुणाच्या डोळ्यांत बघणं इस्त्रीला सोसत नसे. बोलताना तो समोरच्याच्या कानाकडे बघे. छकुलीने ही गोष्ट टिपली आणि रोज वेगळी कानातली घालायला सुरुवात केली.

“आज निळी,” तो जिन्यात म्हणाला.

“चांगली दिसतात?”

“डावं उलटं लागलंय.”

“मग… सरळ कर ना.”

चादरीचं टोक जुळवावं तसं त्याने ते दोन बोटांनी हलकेच फिरवलं. छकुलीचा कान लालभडक झाला.

“गरम झालाय,” तो म्हणाला.

“गप्प बस!”

महिना संपत आला. रविवारी आई बघायला येणार होती. खोलीच्या कागदावर सही छकुलीनेच करायची होती, पण आईला रडवून सही करायला तिचा जीव होत नव्हता. आईचं फोनवर एकच पालुपद, “एक जरी गोष्ट चुकली ना, तर बॅग भरायची.”

छकुलीने ऑम्लेट करायचं ठरवलं. ताईला सुट्टी होती. “तू येऊन बस,” ती इस्त्रीला म्हणाली. “काही करू नकोस. नुसता बस.”

तो बसला. आईही बसली, पण खुर्चीच्या कडेवर. अंडं फुटलं तेव्हा आई अर्धी उठली. गॅस पेटला तेव्हा पाऊण. मग तव्यावरून धूर निघाला आणि आई तीरासारखी सुटली.

“काकू, बसा,” इस्त्री तिच्या कानाकडे बघत म्हणाला. “तिने विचारलं नाही.”

“अरे, जळतंय!”

“हो. जळतंय.”

“आणि तू बघत बसलायस?”

“मला नुसतं बसायला सांगितलंय.”

छकुलीने गॅस बंद केला. तवा खाली उतरवला. डोळे चुरचुरत होते, रडूही येत होतं. ती वळली आणि आजवर कधी न म्हटलेलं वाक्य म्हणाली.

“आई, मला मदत कर. खिडकी उघड.”

आईचा चेहरा उजळला. ती धावली. पण खिडकीची कडी निराळी होती. ओढून होईना, ढकलून होईना. इस्त्री शेजारी जाऊन उभा राहिला. बघत.

“मदत हवी?”

“नको, येतं मला!”

“बरं.”

आई झटली. खोकली. पदराने घाम पुसला. छकुली हात मागे घट्ट बांधून उभी राहिली. शेवटी आई म्हणाली, “अरे बाबा, दे की उघडून!”

त्याने एका बोटाने उघडली.

 धूर निघून गेला. आई खुर्चीत बसली, या वेळी पाठ टेकून.

“इतकी वर्षं,” ती हळूच म्हणाली, “तुला असंच वाटायचं का गं?”

“कसं?”

“हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखं.”

छकुलीने मान डोलावली. आईने ताट पुढे ओढलं. “वाढ. मी घेणार नाही माझं मी.”

छकुलीला एकदम धीर आला. इतका, की ती आईसमोरच इस्त्रीला म्हणाली, “मी तुला आवडते का?”

“हो.”

“कधीपासून?”

“दारापासून.”

“मग बोलला का नाहीस रे, शहाण्या?”

“तू विचारलं नाहीस.”

आईला ठसका लागला. पाणी तिने स्वतः मागितलं.

छकुलीने सही केली आणि खोली पुढच्या महिन्यात मिळाली. ती तळमजल्यावर, पाण्याच्या पंपाला लागून आहे. पंपाचा आवाज फार होतो.