वाचायची परवानगी

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, पण हे माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय. रविवार होता. भर दुपारचे अडीच. त्याच्या कंपनीची तिसऱ्या मजल्यावरची लॅब, आणि आत तो एकटा.

आम्ही त्याला दादा म्हणतो. आजारी माणसाच्या उशाशी ठेवायचं यंत्र त्याची कंपनी बनवते. नाडी बिघडली की यंत्र घरच्यांच्या फोनवर इशारा धाडतं. त्यातलं नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, दादा लिहायचा.

कार्डात रजिस्टरं असतात. छोट्या पाट्याच म्हणा. त्यातली एक भलती नाजूक... वाचली की पुसली जाते. 'इशारा आलाय' ही खूण नेमकी तिच्यावर उमटते. ड्रायव्हरच्या आधी दुसऱ्याच कुणी ती वाचली, तर इशारा जागच्या जागी मेला.

म्हणून मास्तरांनी, म्हणजे दादाच्या वरिष्ठांनी, ड्रायव्हरमध्ये एक ओळ घातली होती. ॲडमिनशिवाय कुणालाही ही पाटी वाचायची परवानगी नाही.

चाचणी करताना दरवेळी परवानगी मागायचा दादाला कंटाळा. एकदा मास्तर चहाला उठले. त्यांचं लॉगिन उघडंच होतं. दादाने त्यांच्या खुर्चीत बसून ती ओळ काढून टाकली. संध्याकाळी परत घालू म्हणाला...

आणि विसरला.

यंत्रं बाजारात गेली. दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रॅमने पाटी वाचली आणि एका म्हाताऱ्या बाईचा इशारा पुसला गेला. बाई दगावली.

चौकशीत नाव निघालं मास्तरांचं.

"मी नाही केलं हो," मास्तर म्हणाले. मग दादाकडे वळले. "तू तरी सांग ना रे."

दादा मूग गिळून बसला. भाऊ असला म्हणून काय झालं, हलकटपणाच तो!

मास्तरांची नोकरी गेली. तीन महिन्यांत मास्तरही गेले.

त्या रविवारी दादा लॅबमधूनच, दुरून, आपल्या आईच्या यंत्रात दुरुस्त ड्रायव्हर घालत होता. मावशी अंथरुणाला खिळलेली. धाकटी बहीण औषधं आणायला बाहेर गेलेली. दादाने ती ओळ परत घातली. साध्या लॉगिनने पाटी वाचून पाहिली.

'परवानगी नाही.'

झकास.

तेवढ्यात मागच्या टेबलावरून आवाज आला...

टक्. टक्.

मास्तर एन्टर कायम दोनदा दाबायचे.

दादाने वळून पाहिलं. खुर्ची रिकामी. टेबलावर साधा कीबोर्डसुद्धा नव्हता...

पडद्यावर नोंद उमटली. मावशीच्या यंत्रातली पाटी कुणीतरी वाचली होती. खूण होती, ती पुसली गेली. वाचणाऱ्याचं लॉगिन... मास्तरांचं. कंपनीने कधीच काढून टाकलेलं.

खूण होती, म्हणजे मावशीची नाडी बिघडली होती.

टक्. टक्.

पुन्हा खूण. पुन्हा पुसली.

दादाने ॲडमिन म्हणून अडवायला बघितलं.

'परवानगी नाही.'

"मास्तर, नका ना! आई आहे हो माझी!"

टक्. टक्.

घरी फोन लावला. नुसता वाजत राहिला...

तो पोचला तेव्हा धाकटी दारातच बसली होती. औषधांची पिशवी हातात तशीच. यंत्राने अकरा वेळा इशारा उठवला होता. दादाच्या फोनवर एकही आला नव्हता.

हे सगळं दादाने मला मावशीच्या मृत्यूची चौकशी व्हायच्या आदल्या दिवशी रडत रडत सांगितलं. अगदी मास्तरांच्या त्या उघड्या लॉगिनपासून.

दुसऱ्या दिवशी नोंदींचा कागद निघाला. मी तो स्वतः पाहिलाय. अकरा नोंदी. अकराही नोंदींसमोर दादाचं नाव. मास्तरांचं कुठेच नाही.

धाकटी त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

"मी नाही केलं गं," दादा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तू तरी सांग ना रे."

कोण विश्वास ठेवणार होतं? मी मान खाली घातली.

मी गप्प बसलो.

माझ्या आईच्याही उशाशी तेच यंत्र आहे. काल दुपारी तिच्याजवळ पेपर वाचत बसलो होतो. आमच्या घरात कीबोर्ड नाही...

टक्. टक्.

तेव्हापासून मी आईचा हात धरून नाडी मोजतोय.