ईदच्या दुसऱ्या दिवशीची साखर

सोमवारी सकाळी सात वाजता अन्वरचा फोन वाजला. पलीकडे गौतमी होती, रंभाबाईची सून.

"चाचा, आत्याबाई उठंनात. बावधनला दवाखान्यात आणलंय. साखर साडेपाचशेला गेलीया म्हणत्यात. काल तुमी वहीत किती लिव्हली?"

अन्वरने उशाजवळची वही उघडली. बोट ओळीवरून सरकत रंभाबाईच्या नावावर थांबलं.

"एकशे बेचाळीस."

"येका रातीत एवढी वाढती व्हय?" गौतमीचा आवाज बदलला. "वहीतलं अक्षर तुमचंच हाय ना, चाचा?"

तिने फोन ठेवला.

अक्षर अन्वरचंच होतं. नांदे गावातली अठरा म्हातारी माणसं दर रविवारी सकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर जमत. सगळ्यांना मधुमेह. साखर तपासायच्या पट्ट्या एकेकट्याला परवडत नसत, म्हणून सगळ्यांनी मिळून एक यंत्र घेतलं होतं. आठवड्याला प्रत्येकाच्या वाट्याला एक पट्टी. नथू सुई टोचायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. अन्वर लिहायचा. ती वही बघून डॉक्टर गोळ्या कमी-जास्त करत. दोन महिन्यांपूर्वी रंभाबाईच्या गोळ्या त्यांनी निम्म्या केल्या होत्या.

म्हणजे वही खोटी असली, तर रंभाबाईला त्या वहीनेच दवाखान्यात पोचवलं होतं.

अन्वर यंत्र आणि पट्ट्यांची डबी पिशवीत घालून निघाला. कोपऱ्यावर नथू भेटला. चाळीस वर्षांची दोस्ती. अन्वर गावच्या डेअरीवर दुधाची फॅट मोजायचा, तेव्हापासून दोघांचा सकाळचा चहा एकत्र.

"ऐकलं मी," नथू म्हणाला. "त्या शंभूनं जुनी डबी खपवली असंल. मेडिकलवाल्यांचा काय भरवसा? आन अन्वर, चप्पल निसटली बघ गड्या."

अन्वरने मागे पाहिलं. डाव्या पायातली चप्पल चार पावलं मागे पडली होती. हल्ली त्याला ते कळतच नसे. नथूने वाकून ती उचलून दिली.

शंभूने दुकानाच्या फळीवरून हात पुढे केला.

"आणा डबी. ही तारीख वाचा, चाचा. अजून वरीस बाकी हाय. सील कुणी फोडलं?"

"आमीच. ओट्यावर, सगळ्यांम्होरं."

"मग माझ्याकडं कशाला बघताय? मी पट्ट्या इकतो, आकडे न्हाई इकत."

बावधनच्या दवाखान्यात रंभाबाई डोळे मिटून पडली होती. हाताला सलाईन. अन्वरने नर्सला विनंती केली. त्याच डबीतली पट्टी, तेच यंत्र, रंभाबाईचं बोट. यंत्र 'टुंग' करून वाजलं, तसा अन्वर दचकला.

आकडा आला पाचशे एकवीस. दवाखान्याचा आकडा होता पाचशे अडतीस.

"तुमचं यंत्र चांगलंय," नर्स म्हणाली. "मागचे आकडेही यात राहतात. हे बटण दाबा, तारखेसकट दिसतात."

अन्वरने बटण दाबलं. बघितलं. पुन्हा दाबलं. मग यंत्र पिशवीत ठेवून तो घराकडे निघाला.

दुपारी घरी त्याने वही पहिल्यापासून चाळली. डेअरीवर तीस वर्षं गेली होती. एकच म्हैस, एकच वैरण, तरी दुधाची फॅट रोज सारखी लागत नाही. सारखी लागली की समजायचं, कुणीतरी आकडा बसवलाय.

एका पानावर तो थांबला. रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. आदल्या दिवशी बायकोने, जोहराबीने केलेला शीरखुर्मा त्याने दोन वाट्या खाल्ला होता. चोरून तिसरीही. रंभाबाईकडे तर त्याने स्वतः डबा पोचवला होता, आणि तिने त्याच्यासमोर बोटं चाटली होती.

वहीत अन्वर एकशे बत्तीस. रंभाबाई एकशे अडतीस.

संध्याकाळी तो नथूच्या घरी गेला. नथू बाहेर गेला होता. नात अनुष्का पाणी घेऊन आली. आठ वर्षांची. तांब्या देताना तिची बोटं दिसली. बोटांच्या कडांना बारीक काळे ठिपके होते. अन्वरच्या बोटांवर असे दोन-तीन होते. हिच्या प्रत्येक बोटावर.

त्याने खिशातली लिमलेटची गोळी पुढे केली.

"नगं, चाचा. आबा रागवत्यात."

तासाभराने अन्वरच्या निरोपावरून ओट्यावर सगळे जमले. शंभूही आला. नथू नेहमीच्या जागी बसला.

"म्हंजी सापडला व्हय चोर?" त्याने विचारलं.

"सापडला. नथू, काल रंभाबाईचा आकडा तू काय सांगितलास?"

"एकशे बेचाळीस. तूच लिव्हलास की."

"यंत्र वाजलं होतं?"

"वाजलं असंल. कोण ध्यान देतंय?"

"आज दवाखान्यात वाजलं, तवा मी दचकलो. किती महिन्यांत ऐकला नव्हता त्यो आवाज." अन्वरने यंत्र वर धरलं. "ह्यात मागचे आकडे राहत्यात. आजच्या आधीचा आकडा संक्रांतीच्या आठवड्यातला हाय. त्यानंतर ह्यानं एकदाबी साखर मोजली न्हाई. आन वहीत तर दर रविवारी अठरा आकडे हायेत."

ओट्यावर कुजबुज सुरू झाली.

"पण नवी पट्टी तर डबीतून निघायची," मागून कुणीतरी म्हणालं. "आमी डोळ्यांनी बघितलीया."

"निघायची. यंत्रात मात्र जुनीच असायची. सुई टोचली की आपण तोंड फिरवतो. तेवढ्यात रक्त जुन्या पट्टीला लागायचं, आन नवी पट्टी नथूच्या खिशातल्या डबीत जायची. तुमाला वाटायचं, वापरलेली टाकतोय. वापरलेल्या पट्टीला झाकणाची डबी कशाला लागती? नव्या पट्टीला लागती, तिला हवा लागू द्यायची नसती. मग नथू मनातला आकडा सांगायचा. ईदंच्या दुसऱ्या दिवशीबी त्यानं मला एकशे बत्तीस सांगितला. तीन वाट्या शीरखुर्म्यावर!"

कुणी हसलं नाही.

"कुणासाठी, नथू? मी सांगू, का तू सांगतोस?"

नथूने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अनुष्कासाठी," तो म्हणाला. "पोरीला साखर हाय. इन्शुलिनवर हाय. आपल्यासारखंच यंत्र घरी हाय तिचं, पण दिवसातनं चार-पाच येळा पट्टी लागती. लोक म्हणत्यात, नथूनं खोल्या भाड्यानं दिल्यात, त्याला काय कमी. चार खोल्या दिवाळीपासनं रिकाम्या पडल्यात."

"मागायचं होतंस."

"मागितलं असतं तर गावभर झालं असतं. उद्या तिला कोण करून घेईल? तुमी तर पिकली पानं. आठवड्यानं येकदा बघून तुमाला काय फरक पडणार, असं वाटलं. आन आकडा चांगला सांगितला की तुमी खूश व्हायचा."

"शंभूचं नाव का घेतलंस?"

नथूने शंभूकडे न बघता टोपीची घडी केली.

तेवढ्यात अन्वरचा फोन वाजला. गौतमी होती. त्याने आवाज मोठा केला.

"चाचा, आत्याबाई शुद्धीवर आल्या. सारखं येकच इचारत्यात. नथूभाऊ तर म्हणले साखर झ्याक हाय, मग मला हितं कशाला आणलं?"

ओट्यावर कुणी कुणाकडे बघितलं नाही.

अन्वरने डबीतून पट्टी काढली. स्वतःच बोटाला सुई टोचली. यंत्र वाजलं. तीनशे अठरा. त्याने तो आकडा वहीत लिहिला, ईदच्या पानावर, एकशे बत्तीसच्या शेजारी.

"माझी चप्पल निसटायची," तो हळू म्हणाला. "ती तू उचलून द्यायचास. पायाला कळंना झालंय, हे माझ्याआधी तुला म्हाईत होतं. तरी आकडा एकशे बत्तीसच सांगायचास."

"अन्वर, गड्या..."

अन्वरने डबी नथूच्या मांडीवर, टोपीशेजारी ठेवली.

"ही पोरीला. येत्या रविवारी तिच्या आईसंगं तिला हितं धाड. वहीत एकोणिसावं नाव तिचं लिव्हीन. पट्ट्या कशा पुरवायच्या ते आमी बघू." तो उठला. "तू मातर येऊ नगंस."

तो पायऱ्या उतरून रस्त्याला लागला.

"अन्वर," मागून हाक आली. "चप्पल राहिली."

अन्वरने ऐकलं. एक पाय दिवसभर तापलेल्या डांबरावर पडत होता, पण त्याला कोणता ते कळत नव्हतं. तो तसाच चालत राहिला.