या ना एकदा घरी

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो शैलेंद्र माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि थापा मारण्याइतकी कल्पनाशक्ती त्याच्याकडे नाही.

शिवाय ही रात्रीची गोष्टही नाही.

ऑगस्ट १९९४. सिंगापूर. रविवारची टळटळीत दुपार.

शैलेंद्र तिथे जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर होता. आंग मो किओ वस्तीत आठव्या मजल्यावर फ्लॅट. घरात बायको रुचिरा आणि चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील, हेमचंद्र. आई गेल्यावर नागपूरचं घर बंद करून त्यानं वडिलांना बळेच आणलं होतं. विमानतळावर उतरल्यावर म्हातारा एवढंच म्हणाला होता, "शेवटी इथंच यावं लागलं."

बाबांचा एक नियम होता. आपण मूळचे कुठले, हे परक्या मराठी माणसाला सांगायचं नाही.

का, ते कधी बोलले नाहीत.

त्या दिवशी शैलेंद्र एकटाच पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवायला गेला. दगडाच्या जुन्या खाणीपाशी चेन पडली. चेन बसवता बसवता तो मराठीत शिव्या घालत होता.

आणि अचानक... झाडीतली किड्यांची किरकिर थांबली.

"बसत नाही वाटतं?"

स्वच्छ मराठी.

झाडाखाली तिशीतला एक माणूस उभा होता. पांढरा सदरा, खाकी विजार, पायांत कोल्हापुरी वहाणा. डावी भुवई मधोमध तुटलेली. एवढ्या उकाड्यात अंगावर घामाचा थेंब नव्हता.

शैलेंद्र हरखून गेला. परदेशात मराठी माणूस भेटला की आपल्या तोंडाला कुलूप राहत नाही, आणि हा तर मुळातच बडबड्या.

"कुठले तुम्ही?" त्या माणसानं विचारलं.

"नागपूरचे."

"मूळचे?"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसेल तर तो शैलेंद्र कसला.

"मूळचे वाईकडचे. आडनावही आधी लिमये होतं. बाबांनी तरुणपणी बदललं म्हणे. आई जाता जाता सांगून गेली."

तो माणूस हसला नाही. हललाही नाही.

"हेमचंद्र लिमये," तो म्हणाला. "आहेत अजून?"

"आहेत की, माझ्याकडेच आहेत. या ना एकदा घरी. बाबांनाही बरं वाटेल." आणि या पठ्ठ्यानं ब्लॉक, मजला, दार, सगळं सांगून टाकलं.

"येतो."

शैलेंद्रनं वाकून चेन बसवली. वर पाहिलं...

झाडाखाली कुणी नव्हतं.

परतीच्या होडीत बसल्यावर त्याला आठवलं, बाबांचं नाव आपण सांगितलंच नव्हतं. तिथं बारा उतारू झाल्याशिवाय होडी सुटत नाही. नावाड्यानं डोकी मोजली. "ट्वेल्व्ह ऑलरेडी. कॅन गो."

शैलेंद्रनं सहज मोजलं.

अकरा.

पुन्हा मोजलं. अकराच. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

"अंकल, वन शॉर्ट," तो म्हणाला.

नावाडी वैतागला. "युअर फ्रेंड, बिसाइड यू, ला."

तो तडक घरी आला. बाबा खुर्चीत चहा पीत बसले होते. त्यानं सगळं सांगितलं.

"भुवई तुटलेली होती?" बाबांनी विचारलं.

"हो. डावी. तुम्ही ओळखता?"

"ओळखीच्या कुणाचा नातू असेल," रुचिरा म्हणाली.

"पद्माकरनं लग्नच केलं नव्हतं," बाबा म्हणाले.

मग म्हातारा पहिल्यांदाच मोकळं बोलला. एकतीस साली तो क्रांतिकारकांच्या एका गटात होता. पोलिसांनी धरलं आणि त्यानं साथीदारांची नावं दिली. दोघं फासावर गेले. सुटल्यावर यानंच हूल उठवली, की हेमचंद्र बोटीनं सिंगापूरला पळाला. आणि स्वतः नाव बदलून नागपुरात मास्तर झाला.

"फितूर हुडकायला आमच्यात एकच माणूस होता. पद्माकर. कधी न्हावी व्हायचा, कधी कापडवाला. 'कुठले तुम्ही' इथून सुरुवात करायचा. त्याला माझ्या मागावर इथं धाडला. तो परत गेलाच नाही, असं पुढे कानावर आलं."

शैलेंद्रला शिसारी आली. ज्या माणसाच्या पाया पडत तो मोठा झाला, तो हा.

"तू त्याला घरी बोलावलंस?" बाबांनी विचारलं.

"रीत म्हणून बोललो, बाबा."

"दार लाव. आला तर सांग, मी मेलो."

त्या इमारतीत लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबायची. पुढे जिना.

खाली लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला.

मग... करकर. करकर. कोल्हापुरी वहाणांची.

जिना संपला. कॉरिडॉर सुरू झाला. शेजारचा रेडिओ बंद पडला. रुचिरानं शैलेंद्रचा दंड घट्ट धरला.

करकर दाराशी येऊन थांबली. बेल वाजली नाही.

"हेमचंद्र आहे का घरी?"

बाबा खुर्चीत थरथरत होते. मांडीवरची कपबशी खडखडत होती. त्यांनी मुलापुढे हात जोडले. शैलेंद्रला किळस आली होती, पण बाप तो बापच.

"बाबा इथं नाहीत," तो दारामागून म्हणाला. "ते वारले."

बाहेरून प्रश्न आला.

"कधी?"

काय सांगावं, म्हणून शैलेंद्रनं वळून बाबांकडे पाहिलं.

कपबशीची खडखड थांबली होती. बाबांचे हात जोडलेलेच होते. डोळे उघडे, दारावर.

श्वास नव्हता.

वहाणा परत जाताना कुणीच ऐकल्या नाहीत. कॉरिडॉर रिकामा होता.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. शैलेंद्रनं महिन्याभरात फ्लॅट सोडला.

परवा नात्यातल्या एका लग्नात तो मला एका कोपऱ्यात घेऊन गेला. "मी 'वारले' म्हणालो ना, तेव्हा बाबा जिवंत होते रे," तो म्हणाला. "त्यांना त्यानं नेलं, की मी?"

तेवढ्यात नवऱ्यामुलीचे एक काका आमच्याकडे आले आणि त्यांनी हसून शैलेंद्रला विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

त्यानं आधी त्यांच्या भुवईकडे पाहिलं, मग पायांकडे, आणि न जेवताच मांडवातून निघून गेला.