डालिमीची साक्ष

बालुरघाटची बस कुसुमडांग्याच्या फाट्यावर थांबली, तेव्हा पौषातलं धुकं नुकतंच विरत होतं. इंदुलेखा सान्याल उतरल्या. वय अठ्ठावन्न, खांद्याला झोळी, चपलांत लोकरी मोजे. न्यायला गावातला वाटेकरी खगेन बर्मन आला होता. त्याने झोळी काढून घेतली आणि चालता चालता म्हणाला, "दीदी, तुमच्या पुस्तकात आमचं भात कधीच आमच्या खळ्यावर पोचलं. इथं अजून चौधुरीच्याच खळ्यावर जातंय."

त्या हसल्या, पण बोल जिव्हारी लागला.

बत्तीस वर्षांपूर्वी पिकाच्या तीन वाट्यांपैकी दोन कसणाऱ्याला मिळावेत म्हणून या भागात लढा पेटला होता. कोलकात्यातली शाळेची नोकरी सोडून त्या इथे येऊन राहिल्या होत्या. लढा मोडला, माणसं गोळ्यांना बळी पडली, त्या तुरुंगात गेल्या. सुटल्यावर लिहिलेल्या पहिल्याच कादंबरीने त्यांचं नाव झालं. पुढे नऊ कादंबऱ्या, आणखी तीन तुरुंगवास, आणि लढा चालवणाऱ्या पक्षातल्या मंडळींचे टोमणे, की कादंबऱ्या लिहून कुणाच्या नावावर जमीन होत नाही. आता नवं सरकार वाटेकऱ्यांची नावं दप्तरी लावत होतं. कुसुमडांग्याची सुनावणी आज होती, आणि खगेनने पत्र पाठवून त्यांना बोलावलं होतं.

शाळेच्या ओसरीवर टेबल मांडलं होतं. मागे नागबाबू, नोंदणी अधिकारी, मफलर गुंडाळून बसले होते. समोर एका बाजूला सात वाटेकरी, दुसऱ्या बाजूला खुर्चीत जमीनमालक शिवप्रसन्न चौधुरी. चौधुरीचं म्हणणं सरळ होतं. उत्तरेकडचं शिवार पिढ्यान्‌पिढ्या त्याचं घर स्वतः कसत आलं आहे. हे सातही जण रोजावरचे गडी. सात जणांकडे कागदाचा कपटाही नव्हता. इंदुलेखा बोलायला उठल्या, तसा तो अदबीने म्हणाला, "दीदी, तुमची कादंबरी माझ्या सुनेनेही वाचलीय. फार रडली. पण गोष्ट ती गोष्टच, नाही का?"

काही माणसं हसली. नागबाबूंनी निरुपायाने पेनाला टोपण लावलं.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी पुढे आली. जाडंभरडं लुगडं, अनवाणी पाय, डाव्या कानाची पाळी फाटलेली. मला सांगायचंय, म्हणाली. नागबाबूंनी नाव विचारलं.

"डालिमी बर्मनी."

इंदुलेखांनी ओसरीचा खांब धरला. डालिमी त्यांच्या पहिल्या कादंबरीतली होती. मनाने घडवलेली, त्या वेळी गावात त्या नावाचं कुणीच नव्हतं. पोलिसाने कानातलं ओढून तिची पाळी फाडली, हेही त्यांनीच लिहिलेलं. नावं जुळतात, त्यांनी स्वतःला समजावलं. पुस्तक गावात पोचलं होतं. कुणी म्हातारी त्यातलंच स्वतःचं म्हणून सांगत असेल.

म्हातारी संथपणे बोलत राहिली. गोळीबाराच्या आदल्या दिवशी बायकांनी शिवाराच्या बांधाला सात मडकी पुरली. खूण टिकावी म्हणून प्रत्येकात कोळसा भरला, कारण कोळसा कुजत नाही. आणि भाजण्याआधी प्रत्येक मडक्यावर ते शेत कसणाऱ्याचं नाव कोरलं होतं.

इंदुलेखांनी खांब सोडला. हे छापील पुस्तकात नव्हतं. हे एका प्रकरणात होतं, आणि ते प्रकरण झडतीला पोलीस आले तेव्हा इंदुलेखांनी स्वतःच्या हाताने चुलीत घातलं होतं. कुणाला वाचून दाखवलं नव्हतं. मडकीसुद्धा त्यांच्या कल्पनेतलीच होती.

चौधुरी म्हणाला, खणा की. त्याला हसू आवरत नव्हतं.

सगळं गाव शिवारात गेलं. म्हातारी बांधावरून चालत गेली आणि एका जागी थांबली. खगेनने कुदळ मारली.

हातभर माती निघाली. मग दोन हात.

कुदळ कशाला तरी लागली.

खगेन गुडघ्यांवर बसून हाताने माती उकरू लागला. काळं मडकं वर आलं. त्याने धोतराच्या सोग्याने ते पुसलं, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि रडायला लागला. त्याच्या बापाचं नाव होतं.

दुसरं निघालं. तिसरं.

सातवं निघालं तेव्हा चौधुरीची खुर्ची वाहून आणणारा गडीसुद्धा उकरत होता.

नागबाबूंनी मडकी टेबलावर ओळीने मांडून घेतली, साक्ष लिहून काढली आणि सातही वाटेकऱ्यांची नावं दप्तरी लावली. बायकांनी शंख फुंकले. कुणी ढोल काढला. खगेनने इंदुलेखांना लहान मुलीसारखं उचलून गोल फिरवलं. चुलाणावर खिचडी चढली, गुळाचा वास सुटला, आणि इंदुलेखा इतक्या वर्षांत हसल्या नव्हत्या तशा हसल्या. बत्तीस वर्षांनी भात कसणाऱ्यांच्या खळ्यावर जाणार होतं. भीती होती, पण आनंद तिच्याहून मोठा होता.

गर्दीतून वाट काढत त्या म्हातारीपाशी गेल्या. म्हातारीने त्यांच्या गालावरची माती पुसली. बोट गार होतं.

"तू ते जाळलंस, बरं केलंस," ती म्हणाली. "नाहीतर पोलिसांनी तेव्हाच मडकी खणून काढली असती."

इंदुलेखांनी डोळे पुसून वर पाहिलं, तेव्हा तिथे दुसऱ्याच बायका पत्रावळी मांडत होत्या.

ती कुणाकडची, असं त्यांनी खगेनला विचारलं. त्याला वाटलं होतं, दीदींनीच कोलकात्याहून आणली, मागाहून चालत आली असेल. दीदींबरोबर बसमधून उतरताना पाहिली, असं दोघांनी सांगितलं.

त्या ओसरीवर आल्या. नागबाबू एकटेच होते. दप्तर उन्हाकडे धरून पाहत होते. साक्षीच्या पानावर सगळ्यांचे अंगठे होते. सात जणांच्या ठशांत भोवरे होते, भेगा होत्या, नांगराने पडलेले चिरे होते.

आठवा, डालिमीच्या नावाखालचा, स्वच्छ उमटला होता. शाई कुठे फिकट नव्हती, फाकलेली नव्हती. काळा, भरीव लंबगोल.

त्यात एकही रेघ नव्हती.