माकडाच्या नाकावरचा मास्क

बोटीवर सहलीला जायचं ठरलं, तेव्हा भुताखेतांचा विचारही आमच्या मनात नव्हता. मनात होतं ते हार्लनचं घोरणं.

हार्लन म्हणजे माझा नवरा. नेब्रास्कात ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला, आणि रात्री तो स्वतःच ट्रॅक्टर व्हायचा. घोरण्याचं मला काही नव्हतं हो. घोरणारा माणूस जिवंत असतो. मला धास्ती होती ती घोरणं थांबण्याची. झोपेत त्याचा श्वास अडकायचा. दोन आखूड श्वास, मग घशात घरघर, आणि मग... काहीच नाही. मी अंधारात वाट बघत पडायची. श्वास नाहीच आला, तर डाव्या बरगडीत कोपराने ढोसायचं. की हा "हं?" करून पुन्हा सुरू. लग्नानंतर एवढं एकच काम मी न चुकता केलं.

शेवटी डॉक्टरांनी त्याला श्वासाचं मशीन दिलं. पावाच्या डब्याएवढं यंत्र, त्याला लांब नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. बटण दाबायची गरज नाही. मास्कमध्ये कुणी श्वास घेतला की ते आपोआप सुरू होतं, मास्क निघाला की बंद. झोप संपली की यंत्राच्या छोट्या पडद्यावर एक चेहरा उमटतो. मास्क नीट बसला असेल तर हसरा, सैल असेल तर रडका. हसरा चेहरा आला की हार्लन शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा मिरवायचा. आणि मी लग्नानंतर प्रथमच गाढ झोपायला लागले.

गॅल्व्हस्टन बंदराच्या धक्क्यावर बोटीत चढायच्या रांगेत आमच्याच वयाची माणसं होती, आणि अर्ध्याअधिकांच्या खांद्यावर तीच, अगदी तीच, राखाडी बॅग. सगळा घोरणाऱ्यांचा मेळावा.

"आपल्या बॅगेला लाल लोकर बांधू या," मी म्हटलं.

"माझ्या नाकाची जाहिरात करायची नाहीये, वर्ना."

तपासणीवाल्यांनी आमची विजेची लांब वायर काढून घेतली. असली बोटीवर चालत नाही म्हणे. हार्लन त्यांच्याशी वाद घालत राहिला, मागचे लोक कुरकुरायला लागले, आणि त्या गडबडीत पट्ट्यावरून येईल ती राखाडी बॅग उचलून तो तरातरा पुढे निघाला.

आमची खोली सगळ्यांत स्वस्त, म्हणजे बोटीच्या पोटातली, बिनखिडकीची. दिवा मालवला की भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही. प्लग आरशाखाली, पलंग लांब, आणि वायर जप्त. त्यामुळे हार्लनला पायथ्याशी डोकं करून झोपावं लागलं आणि त्याचे पाय आले माझ्या नाकाशी. खोली आवरणारा वायान हा बालीचा हसतमुख माणूस. त्याने मशीनमध्ये घालायचं शुद्ध पाणी आधीच आणून ठेवलं होतं, आणि पलंगावर टॉवेलच्या घड्या घालून केलेला एक हत्ती.

वरच्या मजल्यावर कोळंबीवर यथेच्छ ताव मारून हार्लन दुपारी आडवा झाला. मीही पडले. दिवा मालवला. खालून इंजिनाची बारीक थरथर येत होती. ओलसर गालिच्याचा वास होता, हार्लनच्या मोज्यांचा होता. आणि हळूहळू त्या दोन्हींवर मात करत एक तिसरा वास आला. पेपरमिंटचा.

हार्लनला पेपरमिंटचा तिटकारा आहे.

मी कान दिला. श्वास येत होता लांब, निवांत, आणि प्रत्येकाच्या शेवटी एक छोटा उसासा. हा श्वास हार्लनचा नव्हता. तुम्ही म्हणाल, श्वास काय ओळखता येतो? माझ्याएवढ्या रात्री जागून बघा.

"हार्लन...?" मी हळूच म्हटलं.

मास्कच्या आतून आवाज आला, "कोरीन..."

मी ताडकन उठून बसले.

"कोरीन... माझं तपकिरी जाकीट... कुणाला देऊ नकोस..."

खरं तर मी घाबरायला हवं होतं. पण नवऱ्याच्या तोंडी परक्या बाईचं नाव आलं की भुताचा नंबर नंतर लागतो. मी दिवा लावला आणि त्याचा मास्क खेचून काढला.

"ही कोरीन कोण?"

"कोण कोरीन?" हार्लन डोळे चोळत म्हणाला.

"तुझं तपकिरी जाकीट जिच्याकडे आहे ती!"

"अगं, माझं जाकीट निळं आहे!"

तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उभी होती. खांद्यावर राखाडी बॅग, मुठीत पेपरमिंटच्या गोळ्यांची डबी.

"माफ करा हं," ती म्हणाली. "मी कोरीन."

"देवाशपथ सांगतो वर्ना, मी ह्या बाईला जन्मात पाहिलेलं नाही!" हार्लन पलंगावरून ओरडला.

"तुमची बॅग माझ्याकडे आली," कोरीन म्हणाली. "आतल्या कप्प्यात तुमचं नाव होतं. आणि खारवलेले शेंगदाणे. थोडे मी खाल्ले."

मी तिला आत घेतलं, खुर्ची दिली. ती मशीनकडे बघत होती. एखाद्याने दवाखान्यात आपल्या माणसाकडे बघावं तशी.

"हे तुमचं?" मी विचारलं.

"एल्डनचं. माझ्या नवऱ्याचं. तो वारला हिवाळ्यात." तिने एक गोळी तोंडात टाकली. "ह्याच्याशिवाय मला झोप लागत नाही, म्हणून घेऊन फिरते. मास्क त्याच्या उशीवर ठेवते, की होतं सुरू."

"बटण दाबून?"

"छे. मी कशालाच हात लावत नाही. नुसतं उशीवर ठेवायचं. सकाळी हसरा चेहरा येतो. आज मात्र तुमचं ठेवलं, तर ढिम्म. तेव्हाच कळलं, की हे आमचं नव्हे."

हार्लनने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. "म्हणजे मघाशी मी... कुणाच्या..."

"गप रे," मी म्हटलं. माझ्याही हातावर काटा आला होता.

"काही बोलला का तो?" कोरीनने अगदी हळू विचारलं. "माझ्याशी बोलत नाही. नुसता श्वास घेतो."

मी हार्लनला हाक मारली, तर तुमचं नाव आलं, हे सांगून टाकलं. "तपकिरी जाकीट कुणाला देऊ नकोस म्हणाला."

तिचा चेहरा पडला. "ते मी वसंतातच चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत देऊन टाकलं. त्याला माहीत नव्हतं."

"आता झालंय," हार्लन म्हणाला.

ती आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. निघताना मशीन छातीशी धरून मला म्हणाली, "तुम्ही हाक मारलीत, म्हणून तो बोलला. तुमचे उपकार कसे फेडू?" ती गेल्यावर मी दार लावलं. मला तिची दया आली, आणि खरं सांगते, तिची भीतीही वाटली. उद्या तिच्या जागी मी असेन, एवढंच मला दिसत होतं.

आमच्या बॅगेला मी लाल लोकर बांधली. ह्या वेळी गाठीवर बोट हार्लननेच धरलं.

पुढचे दिवस चांगले गेले. शेवटच्या दुपारी हार्लन आईस्क्रीम खायला वर डेकवर गेला आणि मी कपडे भरायला खोलीत आले. हँगरला टॉवेलचं माकड लटकत होतं, आणि त्याच्या नाकावर हार्लनचा मास्क. मला हसूच फुटलं. वायानने आज कमालच केली, म्हटलं. मी पाठ फिरवून सदरे घडी करायला लागले.

मागे मशीन सुरू झालं.

मी वळले नाही. वळवेना. श्वास घेतल्याशिवाय ते सुरू होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. कोरीनची उशी आठवली. पण हा उसाशाचा श्वास नव्हता. दोन आखूड श्वास आले. मग घरघर. खोलीत ट्रॅक्टरच्या ग्रीसचा वास आला, हार्लनने काम सोडल्यापासून जो मी विसरले होते तो. आणि मग... काहीच नाही.

मी वाट बघितली. हातातला सदरा कधी गळून पडला कळलं नाही.

काहीच नाही.

पुढचं मी विचार करून केलं नाही. सवयीने केलं. गर्रकन वळले आणि माकडाच्या डाव्या कुशीत जोरात कोपर हाणलं. टॉवेलला हाडं नसतात. पण माझ्या कोपराला बरगडी लागली.

"हं?" मास्कमधून आवाज आला. एक मोठा श्वास आत गेला आणि मशीन बंद पडलं. पडद्यावर हसरा चेहरा उमटला.

मी पलंगावर बसून राहिले. थोड्या वेळाने दार उघडलं आणि हार्लन आत आला. हातावर वितळलेलं आईस्क्रीम, चेहरा खडूसारखा पांढरा.

"वर्ना, खुर्चीत डोळा लागला गं. मास्क नाही, काही नाही. श्वास असा अडकला की संपलंच म्हटलं. आणि कुणीतरी इथे..." तो डाव्या बरगडीवर हात फिरवत होता. "असं ढोसलं की बोंबलत उठलो. शेजारची खुर्ची रिकामी! मला वाटलं तूच."

"मीच होते," मी म्हटलं, आणि त्याला आईस्क्रीमसकट मिठी मारली.

रात्री हार्लनने सदरा काढला तेव्हा बघितलं. बरगडीवर कोपराएवढा निळा डाग होता.

सकाळी उतरताना वायान खोल्यांबाहेरच्या बोळात भेटला. मी त्याला बक्षिसी दिली. "माकड झकास होतं हो," म्हटलं. "मास्कची गंमत तर फारच."

वायानचं हसू ओसरलं. "माकड मी केलं, मॅडम. पण मास्क नाही. पाहुण्यांच्या मशीनला हात लावायची आम्हाला बंदीच आहे."

मी तिथेच लाल लोकर सोडली, बॅग उघडली आणि मास्क नाकाशी नेला.

पेपरमिंट. उपकार फिटले होते.

आता घरी, हार्लन मित्रांकडे कॉफीला गेला की मी मास्क त्याच्या उशीवर ठेवते आणि शेजारी विणायला बसते. बहुतेक वेळा काही होत नाही. तरी उजवं कोपर मी मोकळं ठेवते.