अमेरिकेचं पाव्हणं

लातूर जिल्हा व्हायच्या आधीची, बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. महानंदा देवणीला मावशीकडं गेली होती, अन् मावशीची थैली घेऊन रेशनच्या रांगेत उभी होती. पुढच्या तरण्या पोराच्या गव्हातनं धान्याला लागणारं एक इवलंसं पाखरू उडालं आणि थेट तिच्या खांद्यावर येऊन बसलं.

"हलू नका…" तो म्हणाला. "अमेरिकेचं पाव्हणं हाय. गव्हासंगं आलंय."

तिनं तिरकं पाहिलं. अंगाकडं राखाडी, पंखांच्या टोकाला तांबूस — घासलेल्या तांब्याच्या गडव्यासारखं.

"एवढ्या रांगेत नेमकं माझ्याकडंच आलं व्हय?"

"त्याला नजर हाय," तो बोलून गेला — अन् स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

त्या पोरानंच, सिद्धलिंगनं, पुढं मावशीकरवी मागणी घातली. महानंदाच्या घरी, लातूरला, बघायला आला. तिला दुसरा कुणी नकोच होता.

पण त्याची आई कमलम्मा! काय तो तोरा! "पोरगी पसंत हाय," म्हणाली, आणि ओटी भरायला गाठोडं सोडलं. "आमच्या रानातला गहू हाय बरं. रेशनचं आम्ही शिवतसुद्धा न्हाई."

पहिली ओंजळ पदरात पडली मात्र, दोन तांबूस पाखरं भुर्रकन वर उडाली.

कमलम्माचा चेहरा पांढराफटक पडला. महानंदाला तिची फार दया आली. दुष्काळानं सगळ्यांनाच रांगेत उभं केलं होतं, पण कबूल कोण करणार?

"आमच्याच घरातली हायत ती," महानंदा घाईनं बोलली. "लई झालीत…"

"अगं बाई! घर झाडत न्हाईत का तुम्ही?" कमलम्मानं तेच धरलं. दुसरी ओंजळ हातातच थांबली. महानंदाच्या वडलांची, शिवप्पांची मान खाली गेली. जुळलेलं स्थळ डोळ्यांदेखत मोडायला लागलं.

"आई, बस कर." सिद्धलिंग उभा राहिला. "पाखरं आपल्या गव्हातली हायत. रांगेत मीच होतो, अन् ही माझ्या मागं. हिला सगळं ठाऊक हाय… तरी तुझी लाज राखली हिनं. मला हीच पाहिजे."

कमलम्मानं पदरानं डोळे टिपले, आणि थांबलेली ओंजळ महानंदाच्या ओटीत सोडली.

"रेशनचंच हाय गं माय," ती म्हणाली. "घे… पाखरासकट घे."